रहस्य कोणाचे, साक्ष कोणाची?

दलित साहित्याच्या चर्चेत कविता येते, आत्मकथन येते, कथा येते, नाटक येते. रहस्यकादंबरी येत नाही. तिचे नाव काढले की परिसंवादातले मित्र हसतात. बसस्टँडवरच्या पुस्तकाच्या गाड्यावर टांगलेली, प्रवासात वाचून सीटवर सोडून दिलेली ती पुस्तके. त्यांचा आणि परिवर्तनाच्या साहित्याचा काय संबंध, असे त्या हसण्याचे म्हणणे असते. मी गेली चार वर्षे सहा रहस्यकादंबऱ्यांची एक मालिका लिहितो आहे. पहिली पूर्ण झाली आहे, दुसरी निम्म्यावर आहे, उरलेल्या चारांचे आराखडे वहीत आहेत. एकही छापून आलेली नाही. तेव्हा येथे मी बोलतो आहे तो यशस्वी लेखक म्हणून नव्हे. हा वाङ्मयप्रकार हाती घेतल्यावर जे प्रश्न पुढे आले, जी आशा वाटते आणि जी भीती वाटते, तेवढेच मला मांडायचे आहे. प्रश्न माझ्या एकट्याचे नाहीत असे वाटते म्हणून ते या पृष्ठांवर मांडतो.

माझी नोकरी जिल्हा न्यायालयात कारकुनीची. रोजनामा लिहायचा, तारखा लावायच्या, मुद्देमालाच्या नोंदी पाहायच्या, जुनी प्रकरणे दप्तरात बांधायची. तीस वर्षे खुनाचे, मारहाणीचे, जाळपोळीचे कागद हाताखालून गेले. निवृत्त झाल्यावर लिहायला बसलो तेव्हा आत्मकथन लिहावे असे अनेकांनी सुचविले. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखे आहे ते इतरांनी माझ्यापेक्षा चांगले सांगितले आहे. मला मात्र एक वेगळीच गोष्ट ठाऊक होती. ती म्हणजे कागद कसा तयार होतो. घडलेली गोष्ट कागदावर येईपर्यंत तिचे काय काय होते. ही गोष्ट सांगायला रहस्यकादंबरीइतका योग्य प्रकार दुसरा नाही, या समजुतीने मी तिच्याकडे वळलो.

रहस्यकादंबरीचा सांगाडा वाचकांना परिचित आहे. एक खून होतो. चारपाच जणांवर संशय जातो. हेर येतो, खुणा गोळा करतो आणि शेवटच्या प्रकरणात गुन्हेगाराकडे बोट दाखवितो. मग सारे पूर्ववत होते. या ‘पूर्ववत’ शब्दापाशी दलित लेखकाला थांबावे लागते. खुनाने जी व्यवस्था क्षणभर विस्कटली ती पुन्हा जागच्या जागी बसली, याचे समाधान हा प्रकार वाचकाला देतो. पण ज्याच्या दृष्टीने मूळची व्यवस्था हाच गुन्हा आहे, त्याने कशाचे समाधान मानायचे?

या प्रकाराचे नियम ज्यांनी घातले त्यांनी माणसे कशी वाटून घेतली तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकन लेखक एस. एस. व्हॅन डाइन याने १९२८ मध्ये हेरकथेचे वीस नियम सांगितले. त्यांपैकी एक असा की, नोकरचाकराला गुन्हेगार ठरवू नये, गुन्हेगार कोणी तरी तोलामोलाचा असावा. म्हणजे घर झाडणारा माणूस त्या कथेत संशयाच्याही लायकीचा नाही. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मोपदेशकाने दहा आज्ञा लिहिल्या. तीत कथेमध्ये चिनी माणूस नको अशी एक आज्ञा आहे. स्वस्त कथांतून चिनी माणसाला उठल्यासुटल्या खलनायक केले जात होते आणि नॉक्सला त्या सवयीचा कंटाळा आला होता, असे तिचे समर्थन केले जाते. ते मान्य केले तरी सवय होती एवढे सिद्ध होतेच. शेरलॉक होम्सच्या ‘द साइन ऑफ फोर’ या १८९० च्या कादंबरीत अंदमानचा आदिवासी येतो तो विषारी बाण मारणारा विद्रूप प्राणी म्हणून. आपल्या देशावर लिहिलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांची तऱ्हा त्याहून जुनी आहे. फिलिप मेडोज टेलरची ठगांवरची कादंबरी १८३९ ची. तिने एका पिढीच्या इंग्रज वाचकाला हिंदुस्थानात जन्मजात मारेकरी राहतात हे शिकविले.

मग कायदा आला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मानेच गुन्हेगार ठरविले. हजेरी, परवाना, वसाहत, तारेचे कुंपण. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पोलिस ठाण्यातली नजर तेवढ्याने रद्द झाली नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ज्यांनी वाचले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. हेरकथेचे सर्वांत लाडके शास्त्र म्हणजे बोटांचे ठसे. त्या ठशांचे कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यात निघाले आणि ठशांची वर्गवारी बसविण्याच्या कामात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अंमलदारांचा मोठा वाटा होता. पद्धतीला नाव मात्र मिळाले ते त्यांच्या साहेबाचे, एडवर्ड हेन्रीचे. शोध कोणी लावला आणि सही कोणाची पडली, ही कथा येथूनच सुरू होते.

मराठीतील रहस्यकथेवर माझे प्रेम आहे, हे मी लपवीत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू यांनी गिरणगावातल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या कित्येकांना वाचायला लावले. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, सुहास शिरवळकरांचे फिरोज इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास यांच्यासाठी आमच्या वसतिगृहात पुस्तकाची पाने सुटी करून एकाच वेळी चौघे वाचीत असत. पहिल्याने वाचलेले पान दुसऱ्याकडे, दुसऱ्याचे तिसऱ्याकडे. ज्यांना पाठ्यपुस्तक रटाळ वाटे त्यांना या पुस्तकांनी अक्षराची गोडी लावली. त्यांना हलके म्हणून बाजूला सारणे मला जमत नाही. पण मी वाचली त्या पुस्तकांत नायकाकडे मोटार होती, टेलिफोन होता, इन्स्पेक्टर त्याचा मित्र होता. इन्स्पेक्टर ज्याचा मित्र नाही अशा माणसाने रहस्याचा शोध कसा घ्यायचा, हा प्रश्न त्या पुस्तकांना पडण्याचे कारणच नव्हते.

आता आपल्या अनुभवाकडे वळू. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्यात रहस्य काय होते? मारणारे कोण हे गावाला ठाऊक होते. तरीही मृतदेह पुन्हा उकरून दुसऱ्यांदा शवविच्छेदन करावे लागले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने शिक्षा दिल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या आणि त्यानेही जात हे कारण मानले नाही. बिहारमध्ये लक्ष्मणपूर बाथे येथे १ डिसेंबर १९९७ च्या रात्री ५८ माणसे मारली गेली. २०१० मध्ये खालच्या न्यायालयाने २६ जणांना दोषी ठरविले. २०१३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने त्या सर्वांना सोडून दिले. तेव्हा आपल्या जगात ‘कोणी केले?’ हे रहस्य नसते. ते पहिल्या पानावरच फुटलेले असते. खरे रहस्य पुढे सुरू होते. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट कागदावर ‘सिद्ध होत नाही’ अशी कशी होते? जाणणारे इतके असताना साक्षीदार एकही का उरत नाही? माझ्या मालिकेचा सारा भार या एका प्रश्नावर आहे.

या प्रश्नाला आपल्या इतिहासात फार जुने मूळ आहे. गावगाड्यात चोरी झाली की माग काढायचे काम कोणाचे होते? महाराचे, रामोश्याचे. शिवेचा तंटा पडला की खूण कोठे होती हे सांगण्यासाठी महाराला पुढे करीत, कारण गावाची हद्द त्याच्या पायांना पाठ असे. येसकर रात्री वेशीवर बसे. गावात कोण आले, कोण गेले, हे त्याला ठाऊक. बेवारस प्रेत सापडले की त्याची राखण त्यानेच करायची आणि ते तालुक्याला पोचवायचेही त्यानेच. हेरगिरीला लागणारे सारे गुण, म्हणजे नजर, स्मरण, जमिनीचे ज्ञान, मेलेल्या देहाजवळ न घाबरता बसण्याची सवय, हे या माणसांकडून गावाने पिढ्यान्‌पिढ्या फुकट घेतले. वतन म्हणून त्या कामावर जे शिक्कामोर्तब झाले होते ते मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने संपले. पण विचार करण्यासारखी गोष्ट ही की, माग काढणारा हा माणूस मराठी रहस्यकथेचा नायक कधी झाला नाही. तो माग काढी, पाटील निवाडा करी आणि कुलकर्णी लिहून ठेवी. ज्ञान एकाचे, अधिकार दुसऱ्याचा, लेखणी तिसऱ्याची. ही वाटणी आजच्या पोलिस ठाण्यात, इस्पितळात, न्यायालयात नव्या नावांनी चालू आहे.

म्हणून माझा नायक मी शवविच्छेदनगृहातून उचलला. त्याचे नाव दगडूमामा. तालुक्याच्या सरकारी इस्पितळात तो सफाई कामगार म्हणून लागला आणि प्रेतांची चिरफाड करू लागला. इस्पितळात वावरलेल्या वाचकांना हे ठाऊक असेल की, पुष्कळ ठिकाणी सुरी चालविणारा हात सफाई कामगाराचा असतो. डॉक्टर चार पावलांवर उभे राहून मजकूर सांगतात किंवा नंतर लिहितात. हात त्याचे, सही डॉक्टरांची. साक्षीदारांच्या यादीत डॉक्टरांचे नाव येते. ज्याने देह उघडून पाहिला त्याचे नाव कोठेच येत नाही. अठ्ठावीस वर्षे देह वाचणारा हा माणूस न्यायालयाच्या दृष्टीने त्या खोलीत हजरच नव्हता.

पहिल्या कादंबरीत एका मुलीचे प्रेत विहिरीत सापडते. ‘पाय घसरून पडली’ अशी अकस्मात मृत्यूची नोंद होते. दगडूमामा प्रेत पालथे करतो तेव्हा त्याला पाठीवर साकळलेल्या रक्ताचे पक्के डाग दिसतात. मृत्यूनंतर रक्त देहाच्या खालच्या भागात उतरते आणि काही तासांनी ते डाग कायम होतात. पाण्यातल्या प्रेताचे तोंड, हात, पाय बहुधा खाली लोंबत असतात, तेव्हा डाग तेथे यायला हवेत. डाग पाठीवर याचा अर्थ ती मुलगी पाण्यात पडण्यापूर्वी कितीतरी तास कोठेतरी उताणी मेलेली पडून होती. तोंडानाकाशी फेस नाही, श्वासनळीत गाळ नाही. एवढे सारे विसाव्या पानावर वाचकाला कळते. ज्याच्या विहिरीत प्रेत सापडले त्याच्याच गोठ्यात ती शेवटची दिसली होती हेही कळते. नेहमीचा रहस्यकथाकार ही माहिती शेवटपर्यंत दाबून ठेवील. मी ती आधीच देऊन टाकतो आणि मग खरी शर्यत सुरू होते. दगडूमामाच्या बोटांना कळलेले हे सत्य कागदावर कसे चढायचे?

थरारकथेला घड्याळ लागते. माझे घड्याळ मला कायद्याने दिले. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. तपास उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर साठ दिवसांच्या आत दोषारोपपत्र न्यायालयात जायला हवे. दुसरीकडे, ठरलेल्या मुदतीत, म्हणजे गुन्ह्याप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांत, दोषारोपपत्र आले नाही तर कोठडीतल्या आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. ज्यांना सत्य बाहेर यायला नको आहे त्यांना काहीच करावे लागत नाही, दिवस जाऊ दिले की पुरते. माझ्या कादंबरीत पिस्तुले नाहीत, मोटारींचे पाठलाग नाहीत. एक अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला किती दिवस लागतात, त्या दिवसांत कोणाच्या घरी कोण येऊन जातो, कोणाची मजुरी बंद होते, कोणाच्या मुलीचे ठरलेले लग्न मोडते, हा तिचा थरार आहे. दगडूमामाची भाची प्रज्ञा नुकतीच वकील झालेली आहे. मामाला जे कळते ते कोणत्या कलमाच्या दारातून आत न्यायचे हे ती शोधते. अकस्मात मृत्यूच्या चौकशीचे जुने कलम १७४, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे १९४. क्रमांक बदलला, पंचनाम्यावर अंगठा उठविणारा माणूस तोच.

दुसरी कादंबरी २०१८ मधल्या पाच महिन्यांत घडते. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात या कायद्याखालील गुन्हा नोंदविण्याआधी प्राथमिक चौकशी करता येईल आणि अटकेला वरची परवानगी लागेल असे ठरविले. हे प्रकरण महाराष्ट्रातूनच तेथवर गेले होते. २ एप्रिलला देशभर बंद झाला. ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घालून ती चौकशीची आणि परवानगीची अट काढली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. मधल्या पाच महिन्यांत ज्याच्यावर अत्याचार झाला त्याची फिर्याद कोणत्या टेबलावर पडून राहिली, हा दुसऱ्या पुस्तकाचा विषय. इतिहासाच्या ग्रंथात हा एका परिच्छेदाचा मजकूर आहे. एका कुटुंबाच्या आयुष्यात तो एक पावसाळा आहे.

लिहिताना सर्वांत जास्त अडलो तो भाषेपाशी, आणि सर्वांत जास्त शिकलोही तेथेच. पोलिसी जबाबाची एक ठरलेली मराठी आहे. ‘समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देतो की’ येथून ती सुरू होते. लिहून देणारा तो नसतो, लिहून घेणारा दुसराच असतो. बाई सांगते, ‘त्यानं माझ्या लेकराच्या पाठीत लाथ घातली, मी आडवी गेले तर माझं लुगडं धरलं.’ कागदावर उतरते, ‘सदर इसमाने किरकोळ कारणावरून शिवीगाळ करून धक्काबुक्की केली.’ लाथ गेली, लेकरू गेले, लुगडे गेले. जातीचे नाव घेऊन दिलेली शिवी ‘शिवीगाळ’ या एका शब्दात बुडाली, आणि तिच्याबरोबर कायद्याचे कलमही बुडाले. पुढे दोन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात ही बाई आपल्या भाषेत पुन्हा सारे सांगते, तेव्हा समोरचा वकील विचारतो, ‘हे तुम्ही पोलिसांना सांगितले नव्हते, बरोबर?’ ती म्हणते, ‘सांगितलं व्हतं.’ वकील कागद दाखवितो. कागदावर नाही. अशा रीतीने बाई खोटी ठरते. मी न्यायालयात असताना हा प्रसंग इतक्या वेळा पाहिला की त्यातली माणसे एकमेकांत मिसळून गेली. दलित साहित्याने बोलीचा आग्रह धरला तेव्हा तो रसिकतेचा किंवा प्रमाणभाषेच्या सौंदर्याचा वाद म्हणून गाजला. माझ्या नोकरीने मला शिकविले की, बोली कागदावर न उतरणे यात माणसाचा जीव आणि न्याय दोन्ही जाऊ शकतात. म्हणून माझ्या कादंबरीत प्रत्येक महत्त्वाचा प्रसंग दोनदा येतो, आधी माणसाच्या बोलीत आणि मग कागदाच्या भाषेत. या दोहोंमधली फट हाच माझ्या हेराचा मुख्य पुरावा.

आता चिंतांकडे येतो. पहिली चिंता चळवळीतल्या मित्रांची आहे आणि तिला मी मान देतो. ते विचारतात, आपल्या दुःखाची करमणूक करणार काय? या प्रश्नावर मी स्वतःला दोन बंधने घातली आहेत. खऱ्या प्रकरणातला एकही माणूस, एकही घर कादंबरीत आणायचे नाही. घ्यायची ती फक्त कार्यपद्धती, कारण ती कोणा एकाच्या मालकीची नाही. आणि अत्याचाराचे वर्णन प्रत्यक्ष करायचे नाही. थरार तपासाचा असावा, यातनेचा नसावा. मात्र करमणूक या शब्दाला मी भीत नाही. अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’त दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा वीर आहे. तीत घोडदौड आहे, थरार आहे, वाचकाचा श्वास रोखून धरण्याची ताकद आहे. १९५९ ची ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. कायद्याने ज्याला दरोडेखोर म्हटले त्याला नायक करणे, ही त्या प्रकारातली आपल्याकडची पहिली मोठी उलथापालथ होती. गतिमान कथा आणि विद्रोह यांचे वैर आहे असे अण्णा भाऊंनी कधी मानले नाही.

दुसरी चिंता अधिक खोल आहे. मालिकेत नायक पुन्हा पुन्हा यावा लागतो, आणि वाचकाची अपेक्षा असते की तो जिंकावा. दगडूमामा प्रत्येक वेळी जिंकला तर ते असत्य होईल. घरी बसलेल्या वाचकाला वाटेल की कोणी तरी दगडूमामा आहे, तो पाहून घेईल. प्रत्येक वेळी हरला तर तिसरे पुस्तक कोणी उघडणार नाही, आणि पराभवाची सवय लावण्याचे पाप माथी येईल. या पेचात मला परदेशातल्या दोन उदाहरणांनी वाट दाखविली.

पहिले चेस्टर हाइम्सचे. दलित पँथर १९७२ मध्ये मुंबईत उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. रिचर्ड राइटसारख्या काळ्या लेखकांशी तेव्हापासून आपले नाते आहे. हाइम्स मात्र आपल्याकडे कमी बोलला गेला. सशस्त्र लुटीसाठी तो १९२८ मध्ये ओहायोच्या तुरुंगात गेला, तेथे लिहायला लागला, १९३६ मध्ये सुटला. गंभीर कादंबऱ्यांनी पोट भरेना म्हणून तो फ्रान्सला गेला. तेथे मार्सेल द्युआमेल या संपादकाने त्याला रहस्यकादंबरी लिहायला लावले. कॉफिन एड जॉन्सन आणि ग्रेव्ह डिगर जोन्स हे हार्लेमचे दोन काळे पोलिस त्याने उभे केले आणि १९५८ मध्ये फ्रान्सचा रहस्यकथेचा मोठा पुरस्कार मिळविला. हे दोघे गोऱ्यांच्या पोलिस खात्यात नोकरी करतात आणि आपल्याच वस्तीत दंडुका चालवितात. ही विसंगती पुस्तकामागून पुस्तक वाढत गेली. १९६९ च्या ‘ब्लाइंड मॅन विथ अ पिस्टल’मध्ये तपास कोठेच पोचत नाहीत. शेवटी एक आंधळा माणूस आगगाडीत पिस्तूल झाडतो आणि कादंबरी थांबते. सत्य इतके वाढले की रहस्यकादंबरीचा साचा त्याला पुरेना. माझ्याही मालिकेचे तसे होईल काय, ही भीती मला रात्री जागवते. पण हाइम्सचा साचा फुटला तो त्याने आठ पुस्तके प्रामाणिकपणे लिहिल्यामुळे, हेही विसरता येत नाही.

दुसरे उदाहरण स्वीडनचे. माय श्योवाल आणि पेर वालू या जोडप्याने १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत दहा कादंबऱ्या लिहिल्या. प्रत्येकीत तीस प्रकरणे, आणि सगळ्या मिळून एकच तीनशे प्रकरणांची कादंबरी, अशी त्यांची मूळचीच योजना होती. साऱ्या मालिकेला त्यांनी ‘एका गुन्ह्याची कादंबरी’ असे नाव दिले. तो गुन्हा म्हणजे कल्याणकारी म्हणविणाऱ्या समाजाने कामगाराला दिलेला दगा. प्रत्येक पुस्तकातला खुनी सापडतो, मोठा गुन्हेगार मात्र दहाव्या पुस्तकापर्यंत मोकळाच राहतो. मालिका कशासाठी लिहायची याचे उत्तर मला येथे मिळाले. एका पुस्तकात एक प्रकरण मिटते. सहा पुस्तके शेजारी ठेवली की एकच हात सहा ठिकाणी दिसू लागतो. तोच पंच तीन पंचनाम्यांवर सही करतो, तीच चूक तीन अहवालांत सापडते, तोच सावकार तीन साक्षीदारांच्या दारात जातो. एकेका प्रकरणात जो योगायोग वाटतो तो मालिकेत व्यवस्था म्हणून उघडा पडतो. जयपराजयाचा पेचही यातच थोडा सैल झाला. माझ्या पहिल्या पुस्तकात आरोपी सुटतो, पण दगडूमामाचे निरीक्षण प्रथमच एका न्यायालयीन कागदावर नोंदले जाते. पुढच्या पुस्तकात तो कागद उपयोगी पडतो.

तिसरी चिंता आपल्याच घरातली आहे. साक्षीदार फितूर होतो तेव्हा तो पुष्कळदा आपलाच असतो. त्याला खलनायक करणे सोपे आहे. पण त्याचे चुलते ज्याच्या शेतात राबतात, ज्याच्या विहिरीचे पाणी त्याच्या पोरांनी प्यायचे, त्याच्याविरुद्ध तो पिंजऱ्यात उभा आहे. २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण कायद्यात आले, त्यात संरक्षण, प्रवासखर्च, पुनर्वसन सारे आहे. ते गावात त्याच्या दारापर्यंत किती पोचते, हे कार्यकर्त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. तिसऱ्या कादंबरीचा नायक मी अशा फितूर झालेल्या माणसालाच करणार आहे. त्याची बाजू न मांडता त्याचा धिक्कार करणारे साहित्य मला अपुरे वाटते. काही मित्रांना हे रुचणार नाही, याची जाणीव ठेवून मी ते लिहिणार आहे.

शेवटची चिंता छपाईची. तीन प्रकाशकांकडून हस्तलिखित परत आले. एकाने लिहिले, नायक पत्रकार किंवा निवृत्त पोलिस अधिकारी करा, प्रेते कापणाऱ्या माणसाबरोबर वाचक तीनशे पाने राहणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की, विषय दलित साहित्याचा आहे आणि प्रकार रहस्यकथेचा, तेव्हा पुस्तक दुकानात कोणत्या कप्प्यात ठेवायचे? या दुसऱ्या प्रश्नावर मी बराच विचार केला. कप्पा नसणे हेच पुस्तकाच्या गरजेचे प्रमाण आहे असे मला वाटते. गंभीर साहित्य वाचणारा आपला वर्ग थोडा आहे आणि त्याला यातले बरेचसे आधीच ठाऊक आहे. मला हवा आहे तो दुसरा वाचक. पोलिस भरतीची तयारी करणारा, वसतिगृहात रात्री दिवा मालवल्यावर मोबाइलच्या उजेडात वाचणारा मुलगा. परिचारिकेचे शिक्षण घेणारी मुलगी. तालुक्याच्या वाचनालयात ‘काहीतरी खुनाचं द्या’ म्हणून मागणारा रिक्षावाला. त्याला कलम शिकविण्यासाठी व्याख्यानाला बोलावले तर तो येणार नाही. गोष्टीच्या ओढीने तो तीनशे पाने वाचील, आणि वाचता वाचता त्याला कळेल की कोऱ्या पंचनाम्यावर सही करायची नसते, जबाब वाचून दाखवा म्हणून मागता येते, फिर्यादीची प्रत फुकट मिळण्याचा हक्क आहे, आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या बिगर-दलित अधिकाऱ्यालाही त्याच कायद्याच्या कलम ४ खाली जाब विचारता येतो.

माझी आशा एवढीच आहे. कादंबरीने क्रांती होते असे मी म्हणत नाही. पण ज्या समाजाने शतकानुशतके माग काढला, शीव सांगितली, प्रेताची राखण केली, त्या समाजाच्या ज्ञानाला साक्षीचा दर्जा मिळावा, हा प्रश्न न्यायाचा जितका आहे तितकाच साहित्याचाही आहे. आपल्यातील शिक्षकांनी, वकिलांनी, इस्पितळात आणि न्यायालयात खालच्या जागांवर काम करणाऱ्यांनी लिहावे. कागद कसा होतो हे त्यांना आतून ठाऊक आहे. आत्मकथनांनी आपण काय भोगले ते जगाला सांगितले. आता आपल्याला काय ठाऊक आहे तेही सांगण्याची वेळ आली आहे. त्यासाठी रहस्यकादंबरीचा स्वस्त, मळका, प्रवासात सोडून दिला जाणारा साचा वापरावा लागला तर तो वापरण्यात मला कमीपणा वाटत नाही. दुसऱ्या कादंबरीचे अकरावे प्रकरण सध्या चालू आहे. फिर्याद नोंदली गेलेली नाही, पंचेचाळीस दिवस उलटले आहेत, आणि प्रज्ञाला पुढचा अर्ज कोणाच्या नावे करायचा ते अजून ठरवायचे आहे.